गैरहजर नावांची यादी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या तहसील कचेऱ्यांत कोतवाल बुकाची नक्कल मागणारे अर्ज आजही येत असतात. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या काळातला पुरावा लागतो आणि वऱ्हाडात तो बहुधा याच जुन्या बुकांत सापडतो. इंग्रजी अमदानीत गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची ओळ या बुकात पडे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचे नाव अनेकदा नसेच, कारण नोंद बारशासाठी थांबत नसे. कचेरीला त्या बाळाशी कर्तव्य नव्हते. किती जन्मले, किती मेले, पटकी कुठे आली, देवी कुठे पसरली, एवढा हिशेब तिला हवा होता. मात्र गावपातळीवर लिहिणाऱ्याने नुसती बेरीज न लिहिता माणसागणिक ओळ लिहिली, म्हणूनच शंभर वर्षांनी एखाद्या पणतूला आपले घराणे सिद्ध करता येते. ज्या कामासाठी ही ओळ मुळीच लिहिली नव्हती, त्या कामी ती आली. नोंदीचा हा स्वभाव ध्यानात ठेवला पाहिजे. माणसागणिक ठेवलेली नोंद फार उपयोगी पडते आणि ती कुणाच्या हाती कोणत्या कामासाठी लागेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते.

एचआयव्हीच्या उपचाराचा महाराष्ट्रातला इतिहास औषधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी औषध नव्हते, मग महाग होते, मग मोफत झाले, मग अधिक चांगले आले. हे सगळे खरे आहे, पण अपुरे आहे. औषध मोफत झाल्यावरही माणसे मरत राहिली. त्यातली बरीचशी औषध हाती येऊनही ते सुटल्यामुळे मेली, आणि ते केव्हा सुटले हे कित्येकदा कुणाला कळलेच नाही. या इतिहासाची दुसरी बाजू वह्यांची, कार्डांची आणि याद्यांची आहे. सरकारी आरोग्ययंत्रणा ‘किती’ हा प्रश्न विचारत होती, ती ‘कोण’ हा प्रश्न विचारायला कशी शिकली, हा त्या बाजूचा गाभा. माझे म्हणणे असे की, गेल्या दोन दशकांत या रोगावर मिळवलेल्या यशाचा मोठा वाटा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. मात्र ‘कोण’ विचारण्याचा अधिकार यंत्रणेला दोन अटींवरच मिळतो: नाव सुरक्षित राहिले पाहिजे, आणि नोंद त्या माणसाच्याच उपयोगी पडली पाहिजे.

विदर्भाला हा प्रश्न नवा नव्हता. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ तपोवन उभे केले, तेव्हा कुष्ठरोग्याला घर, गाव आणि नाते सोडून तिथे यावे लागे. समाजाने टाकलेल्याला आसरा देणे हेच तेव्हाचे सर्वात मोठे काम होते. पाच वर्षांनी, १९५१ साली, वर्धा नदीच्या पलीकडे गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनची स्थापना झाली आणि डॉ. आर. व्ही. वारदेकरांनी वेगळी वाट धरली. पाहणी, लोकशिक्षण आणि उपचार या तीन पायांवर त्यांनी गावोगावचे काम बांधले. कार्यकर्ता घरोघर जाई, घरातल्या प्रत्येकाची तपासणी होई, रोग्याचे कार्ड बने आणि गोळी त्याच्या दारी पोचे. घर सोडायची गरज उरली नाही, कारण आता रोग्याचा पत्ता यंत्रणेकडे होता. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाला या पद्धतीचा मोठा आधार मिळाला आणि १९८१ साली बहुविध औषधोपचार वर्धा जिल्ह्यात आला, तेव्हा कोणाला किती महिने औषध द्यायचे हे ठरवायला नावनिशीवार नोंदी तयार होत्या. पण याच रोगाच्या इतिहासात १८९८ चा कायदाही आहे. त्याखाली भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला वॉरंटशिवाय पकडून कोंडता येई, आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. रोग्याला शोधून काढणे औषध देण्यासाठीही असते आणि कोंडण्यासाठीही, हे विदर्भाने एचआयव्ही येण्याच्या कितीतरी आधी पाहिले होते.

१९८६ साली चेन्नईत भारतातले पहिले एचआयव्ही संसर्ग उघडकीस आले आणि त्यानंतरची पहिली काही वर्षे यंत्रणेने कोंडण्याचीच वाट धरली. गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत संसर्ग आढळला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलले. म्हापशाच्या बंद पडलेल्या क्षयरुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याने ठेवण्यात आले, तेही सार्वजनिक आरोग्य कायद्यातल्या तरतुदीनुसार. उच्च न्यायालयानेही ती तरतूद तेव्हा उचलून धरली. डॉमिनिक १९९२ साली गेला. त्याने रक्तदान करताना नाव लिहिले होते, एवढ्यावर हे सारे घडले. पुढे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका कंत्राटी कामगाराचा दावा आला. तपासणीत संसर्ग दिसल्याने त्याचे काम गेले होते. न्यायालयाने त्याला स्वतःचे नाव न देता दावा चालवू दिला आणि अंगात काम करण्याची ताकद असताना केवळ संसर्गासाठी काम नाकारता येणार नाही असा निकाल दिला. निकालपत्रात त्याचे नाव दोन इंग्रजी अक्षरांपुरते आहे. न्याय मिळवण्यासाठीसुद्धा नाव झाकावे लागावे, इतका त्या काळी नावाचा धाक होता.

म्हणून सरकारी मोजणी सुरू झाली ती नाव पुसूनच. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, स्थापन झाली आणि १९९८ पासून देशभर ठरावीक केंद्रांवर नियमित पाहणी होऊ लागली. तिची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. सरकारी दवाखान्यात गरोदर बाई पहिल्या तपासणीला येई, तेव्हा गरमीच्या चाचणीसाठी तिचे रक्त काढले जाई. ती चाचणी झाल्यावर उरलेल्या रक्ताच्या नळीवरून नाव आणि ओळख काढून टाकत, फक्त वय, शिक्षण, शहर की खेडे असे मोजके तपशील ठेवत आणि मग त्या रक्तात एचआयव्ही आहे का ते पाहत. एका केंद्रावर तीन महिन्यांत ४०० नमुने घ्यायचे असा दंडक होता. ४०० पैकी किती, हे कळे. ती बाई कोण, हे कोणालाच कळत नसे, आणि तिलाही कोणी सांगू शकत नसे. उपचारच नव्हता तोवर या पद्धतीचे समर्थन करता येत होते, कारण नाव कळून बाईच्या पदरी बहिष्काराखेरीज काही पडले नसते. औषध आल्यावर मात्र तेच समर्थन तोकडे पडले. ज्या नळीतला संसर्ग आपण मोजला, तिच्या मालकिणीला आणि पोटातल्या बाळाला वाचवता येत असताना तिचे नाव न कळणे ही आता गोपनीयता म्हणता येईना.

औषध आले १ एप्रिल २००४ रोजी. त्याच्या तीन वर्षे आधी, २००१ च्या फेब्रुवारीत, सिप्लाने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला होता आणि जगभर किमती कोसळल्या होत्या. भारत सरकारने जास्त लागण असलेली सहा राज्ये आणि दिल्ली इथे आठ केंद्रांवर मोफत उपचार सुरू केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या आठांतले एक. तिथे डॉ. अलका देशपांडे यांनी आधीपासून या रुग्णांचे काम उभे केले होते. अकोल्याहून मुंबई जवळपास सहाशे किलोमीटर. गोळ्या महिन्याच्या महिन्याला मिळत आणि एकदा सुरू झाल्या की जन्मभर घ्यायच्या होत्या. पुढच्या वर्षांत केंद्रे जिल्ह्यांपर्यंत आली. अमरावतीत लोक ज्याला आजही इर्विन म्हणतात त्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार मिळू लागला. वऱ्हाडाच्या मधून मुंबई-हावडा रेल्वे जाते, धुळे-अकोला-अमरावती-नागपूर महामार्ग जातो. या वाटांनी माल आणि माणसे फिरली तसा रोगही फिरला होता. आता औषधही त्याच वाटांनी जिल्ह्यात पोचले. खरी परीक्षा इथून पुढे सुरू झाली.

एआरटी केंद्रात, म्हणजे ही औषधे देणाऱ्या केंद्रात, प्रत्येक रुग्णाची दोन कागदपत्रे असतात. एक व्हाइट कार्ड, ते केंद्रातच राहते, आणि दुसरी हिरवी पुस्तिका, ती रुग्णाच्या हाती. व्हाइट कार्डावर प्रत्येक भेटीची एक ओळ: तारीख, वजन, माणूस कामावर जातो, नुसता हिंडता-फिरता आहे की अंथरुणाला खिळला आहे, रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशी किती, कोणती औषधे, क्षयाची लक्षणे आहेत का, आणि उरलेल्या गोळ्या किती. या शेवटच्या रकान्यात उपचाराचे सगळे सार आहे. दिवसाला दोन याप्रमाणे ३० दिवसांच्या ६० गोळ्या दिल्या. रुग्ण ३० दिवसांनी आला तेव्हा डबीत ६ निघाल्या, म्हणजे ५४ घेतल्या, ९० टक्के. परीक्षेत ९० टक्के म्हणजे कौतुक; इथे ती धोक्याची खूण आहे, कारण गोळ्या ९५ टक्क्यांहून अधिक घेतल्या जाव्यात असा नियम आहे. महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा गोळी चुकली की रक्तात औषध कमी पडते, विषाणू त्याला सरावतो आणि मग तेच औषध निकामी होते. गोळ्या मोजणाऱ्याने त्या क्षणी विचारायला हवे, सहा का राहिल्या? रात्रपाळी होती, लग्नाला गेला होता, की सासरच्यांसमोर डबी काढता आली नाही? ज्याला रागावले जाईल अशी भीती आहे तो उरलेल्या गोळ्या वाटेत टाकून येईल आणि कार्डावर १०० टक्के लिहिले जातील. म्हणून या रकान्यातला आकडा समुपदेशकाच्या वागण्याइतकाच खरा असतो. नोंदीची सत्यता यंत्रात नसून दोन माणसांमधल्या विश्वासात असते, हे या एका रकान्यावरून कळते.

आता तीच कार्डे एकत्र करून वर काय कळवले जाते ते पाहू. समजा, एका केंद्रात पहिल्या वर्षी ३०० जणांनी औषध सुरू केले, दुसऱ्या वर्षी आणखी ३०० जणांनी. दुसऱ्या वर्षाअखेर ‘सध्या औषधावर’ असलेले ४५० आहेत. अहवालात ३०० वरून ४५० दिसते, वाढ दिसते, समाधान वाटते. गेलेल्या १५० जणांचे काय झाले, हे त्या आकड्यात कुठेच नाही. रांजण गळत असला तरी वरून पाणी ओतत राहिले की पातळी चढलेली दिसते, तसे हे. याला उत्तर क्षयरोगाच्या कामातून आले. कारेल स्टिब्लो या तज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात टांझानियात एक शिस्त घालून दिली: एका तिमाहीत नोंदवलेला प्रत्येक रुग्ण एक गट मानायचा आणि वर्षभराने त्या गटातल्या प्रत्येकाचा हिशेब द्यायचा. बरा झाला, मेला, दुसरीकडे गेला, उपचार फसला की सोडून गेला, यांपैकी एक खूण प्रत्येक नावापुढे हवीच. २००१ साली मलावीत काम करणारे अँथनी हॅरीज आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये मांडले की, एचआयव्हीची औषधे अशाच शिस्तीने दिली नाहीत तर अराजक माजेल. ती शिस्त आपल्या केंद्रांतही आली. आणि हिशेब का महत्त्वाचा हे २००९ च्या एका व्यापक आढाव्याने दाखवले. गरीब देशांतल्या केंद्रांनी ‘येईनासे झालेले’ म्हणून सोडून दिलेल्या रुग्णांचा शोध घेतला, तेव्हा ज्यांचा ठावठिकाणा लागला त्यांतले सुमारे ४० टक्के मेलेले निघाले. अहवालात ते ‘गैरहजर’ होते.

ही गैरहजर माणसे शोधण्याची रीत साधी आहे आणि ती पूर्णपणे नावावर उभी आहे. केंद्रात उद्या कोण येणार याची ड्यू लिस्ट असते. जो त्या दिवशी आला नाही तो ‘मिस’. सलग तीन महिने न आलेला एलएफयू, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला. आधी फोन जातो, मग घरभेट. २०१३ पासून ‘विहान’ प्रकल्पातले क्षेत्रीय कार्यकर्ते ही घरभेट देऊ लागले, आणि त्यांतले अनेक स्वतः एचआयव्हीसह जगणारे आहेत. मेळघाटचा विचार केला तर या कामाचे मोल कळते. धारणीहून अमरावतीला यायचे तर घाट उतरून जवळपास दीडशे किलोमीटर. एका भेटीत दिवसाची मजुरी जाते आणि भाडे वेगळे. कामासाठी परमुलखात गेलेले कोरकू कुटुंब होळीला गावी परतते, तेव्हा कार्यकर्त्याला ते त्याच आठवड्यात गाठावे लागते. मैदानी तालुक्यांत पेरणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस असेच अडचणीचे. एखाद्या केंद्राने आपल्या मिस झालेल्या रुग्णांच्या तारखा आणि गावे नुसती शेजारी शेजारी मांडली, तरी काही प्रश्न आपोआप पुढे येतात. एकाच रस्त्यावरची पाच गावे यादीत का? वेचणीच्या महिन्यात बायाच का सुटतात? याचे उत्तर ‘रुग्ण बेजबाबदार आहेत’ असे निघत नाही. औषध जवळच्या लिंक केंद्रात द्यावे, दोन-तीन महिन्यांचे एकदम द्यावे, वार बदलावा, असे निघते. एकूण बेरजेतून यातले काहीच सुचले नसते.

दुसरा पुरावा आई आणि बाळाचा आहे. आईकडून बाळाला होणारी लागण औषधाने फार मोठ्या प्रमाणात टळते, पण त्यासाठी एकाच जोडीला दोन वर्षे धरून राहावे लागते: गरोदरपणी चाचणी, आईला औषध, प्रसूती, जन्मल्यावर बाळाला औषध, सहा आठवड्यांनी टाचेतून रक्ताचा थेंब, आणि १८ महिन्यांनी शेवटची खात्री. यातली एक पायरी निसटली की मागच्या साऱ्यांवर पाणी पडू शकते. आणि आपल्याकडे बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. चाचणी अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात होईल, बाळंतपण अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात, आणि बाळाची सहा आठवड्यांची तपासणी तिसऱ्याच तालुक्यात. नुसते आकडे कळवण्याच्या पद्धतीत अकोला म्हणेल आम्ही चाचणी केली, अमरावती म्हणेल आम्ही प्रसूती केली. दोघांचेही काम पूर्ण, आणि बाळ मात्र कुणाच्याच वहीत नाही. या जोडीची नावनिशीवार यादी ठेवून जिल्ह्याजिल्ह्यांनी ती एकमेकांना कळवायला सुरुवात केली, तेव्हाच माहेर ही अडचण न राहता पत्ता झाला. रीतिरिवाज बदलण्याची गरज नव्हती. वहीला आईच्या मागे चालायला शिकवायचे होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, रोगाचा आवाका कळायला नावे लागत नाहीत. हे मान्यच आहे, आणि त्याचा पुरावाही मोठा आहे. २००६ पर्यंत भारतात पन्नास लाखांहून अधिक लोकांना लागण असल्याचे मानले जाई. तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक लाखाहून जास्त लोकांचे रक्त नावाशिवाय तपासले गेले आणि २००७ साली तो अंदाज २५ लाखांवर आला. महाराष्ट्रात तपासलेल्या प्रौढांतले प्रमाण ०.६२ टक्के निघाले. ही दुरुस्ती नावाशिवाय झाली आणि ती योग्यच होती. पण या पाहणीने एकाही माणसाला औषध लागू केले नाही आणि एकाचेही औषध सुटण्यापासून वाचवले नाही. ते तिचे कामच नव्हते. पाऊस किती पडला हे पर्जन्यमापक सांगतो, अमक्याच्या विहिरीला पाणी आहे का ते विहिरीपाशी जाऊनच कळते. किती निधी हवा, किती केंद्रे हवीत हे ठरवायला निनावी मोजणी. औषध चालू राहते का हे पाहायला नावाची ओळ. एकीने दुसरीचे काम करावे अशी अपेक्षा ठेवली, की दोन्हींचा बोजवारा उडतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: नावांच्या याद्या फुटतात. डॉमिनिकची कहाणी वर आलीच आहे. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात रुग्णालयाकडून संसर्गाची बातमी बाहेर गेल्याने एका डॉक्टरचे ठरलेले लग्न मोडले होते, आणि न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. खेड्यात तर यादी फुटायला संगणकही लागत नाही. घरासमोर सरकारी गाडी थांबली तरी पुरते. हा धोका खरा आहे, म्हणूनच त्याचे उत्तर याद्या जाळणे हे नसून त्यांना कुलूप लावणे हे आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने संमतीशिवाय चाचणी आणि संमतीशिवाय वाच्यता या दोन्हींवर बंधन घातले, नोकरी-शिक्षण-उपचारातला भेदभाव बेकायदा ठरवला, आणि अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकली. पण कलमाने कपाट बंद होत नाही. व्हाइट कार्ड टेबलावर उघडे आहे का, संगणकाचा पासवर्ड चौघांत एकच आहे का, घरभेटीला जाणारा कार्यकर्ता शेजाऱ्याला काय ओळख सांगतो, यावर गोपनीयता ठरते. ज्या रुग्णाला आपले नाव फुटेल असे वाटते तो खोटा पत्ता देतो, आणि खोट्या पत्त्यांची यादी कुणालाच वाचवत नाही. गोपनीयता पाळणे हे रुग्णावरचे उपकार नव्हेत. तिच्याशिवाय नोंदच खरी राहत नाही.

तिसरा आक्षेप केंद्रात काम करणारे घेतात, आणि तो ऐकलाच पाहिजे. लिहिण्यातच दिवस जातो, रुग्णाकडे पाहायला वेळ उरत नाही. एकच माहिती कार्डावर, मग रजिस्टरात, मग एक्सेलच्या लाइन लिस्टमध्ये, मग मासिक अहवालात. २०२० च्या सुमारास नॅकोने ‘सोच’ नावाची संगणकप्रणाली आणली. चाचणी केंद्र, एआरटी केंद्र आणि औषधसाठा यांना एका धाग्यात गुंफून रुग्णाच्या एकाच नोंदीवर सगळ्यांनी काम करावे, ही तिची कल्पना योग्य आहे. परंतु जुन्या वह्या चालूच ठेवून वर नवा पडदा लावला तर ओझे हलके न होता वाढते. या आक्षेपाचे उत्तर असे की, ज्या रकान्याचा उपयोग त्या केंद्राला स्वतःच्या रुग्णासाठी होत नाही तो रकाना असू नये. वर पाठवण्यासाठी लिहिलेली माहिती कंटाळून लिहिली जाते आणि कंटाळून लिहिलेली माहिती चुकीची असते. उद्याची ड्यू लिस्ट, आजच्या गैरहजरांची यादी, रक्तातल्या विषाणूंचा आकडा (व्हायरल लोड) वाढलेल्यांची नावे, हे तीन कागद रोज सकाळी समुपदेशकाच्या हाती पडले तर लिहिण्याचे श्रम त्याला त्याच दिवशी परत मिळतात.

गेल्या काही वर्षांत या याद्यांचे मोल अनेकदा सिद्ध झाले. पूर्वी सीडी-फोर पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय सहसा औषध मिळत नसे. ती मर्यादा ३५० झाली, मग ५००, आणि २०१७ साली ‘चाचणी होताच उपचार’ हे धोरण आले. पेशी जास्त म्हणून घरी पाठवलेल्या माणसांना परत बोलवायचे होते, आणि बोलवता आले ते जुन्या रजिस्टरात नाव होते म्हणून. त्याच वर्षी सुटलेल्या रुग्णांना शोधण्यासाठी ‘मिशन संपर्क’ जाहीर झाले, तेही याद्यांवरच उभे होते. २०१८ च्या फेब्रुवारीत व्हायरल लोडची चाचणी देशभर मोफत झाली. रक्तातल्या विषाणूंचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. सहा महिन्यांपूर्वी याच माणसाचा किती होता आणि मधल्या काळात गोळ्या किती उरल्या, हे शेजारी असले तरच तो बोलतो. मग २०२० ची टाळेबंदी आली, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत राज्यात सर्वांच्या आधी अमरावती-अकोल्यात दुसऱ्या लाटेची टाळेबंदी लागली. एसटी बंद, रस्त्यावर पोलीस, आणि गोळी एक दिवसही चुकवायची नाही. देशभरच्या केंद्रांना त्या काळात एकदम अनेक महिन्यांच्या गोळ्या देण्याच्या आणि गरज पडेल तिथे घराजवळ पोचवण्याच्या सूचना होत्या. कोणाच्या गोळ्या कोणत्या तारखेला संपणार हे ज्यांच्याकडे नावानिशी लिहिलेले होते, त्यांनाच त्या सूचना पाळता येणार होत्या.

२०१९ च्या सरकारी अंदाजानुसार देशात २३.४९ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांतले ३.९६ लाख एकट्या महाराष्ट्रात, इतर कोणत्याही राज्याहून जास्त. हे आकडे आता वेगाने वाढत नाहीत, म्हणून लोकांचे लक्ष उडाले आहे आणि पैशाचेही उडेल अशी भीती आहे. अशा वेळी पहिली कात्री लागते ती घरभेट देणाऱ्या कार्यकर्त्याच्या मानधनाला आणि डेटा मॅनेजरच्या कंत्राटी जागेला, कारण ती डॉक्टरही नसतात आणि औषधही नसतात. तसे होऊ नये. संगणक गैरहजर माणसाचे नाव लाल अक्षरात दाखवू शकेल, पण धारणीच्या पुढच्या पाड्यावर जाऊन ‘बरं वाटत नाही का?’ असे विचारणार नाही. आरोग्य खात्याकडे आणि जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींकडे मागणी एवढीच की, प्रत्येक केंद्राने दर महिन्याला किती आले हे सांगताना किती आले नाहीत आणि त्यांतल्या प्रत्येकाकडे कोण जाऊन आले, हेही सांगावे. आणि ते जाणारे माणूस नेमलेले असावे.